लाल रंग नवाच्या खुणेपर्यंत

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की सांगता येते, कारण चौकातल्या बँकेवरचं घड्याळ माझ्या नाकासमोर होतं. मी शिडीच्या वरच्या पायरीवर, दातांत पेन्सिल, हातात फूटपट्टी. पेंटरकाका समोर चहा प्यायला गेलेले. शिडी हलली. आता आपटलो म्हणून खाली बघतो तर एक मुलगी दोन्ही हातांनी शिडी धरून उभी. म्हणाली, "तू काम कर. मी धरलीय."

एवढंच. कॉलेजात दीड वर्ष काढलं, 'मी धरलीय' असं कोणी म्हटलं नाही. तिथले सर भर वर्गात म्हणाले होते, "घरात कोणी शिकलेलं नसलं की असंच होतं." मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो. माफीनामा लिहून द्या म्हणाले. माझी बोटं झडली तरी देणार नाही. दोन महिने घरी छताकडे बघत पडलो, मग दादाने उचलून पेंटरकाकांकडे आणून टाकलं. "निदान पाट्या तरी रंगव. तुझं डोकं तसंही रंगलेलंच असतं."

ही पाटी म्हणजे दोन माणसांच्या उंचीहून मोठा पत्रा. त्यावर थर्मामीटर. खाली गोल फुगा, वर नळी, नळीला एक ते दहा खुणा. निधी समितीवाले दर वर्षी कशासाठी तरी वर्गणी गोळा करतात. गेल्या वर्षी वृद्धाश्रमाला पलंग, त्याआधी दवाखान्याला गाडी. पैसे जमतील तसा नळीत लाल रंग वर चढवायचा. यंदा पैसे हवेत जुन्या छापखान्याच्या जागेसाठी. तिथे मध्येच शाळा सोडलेल्या मुलांचं वर्कशॉप चालतं. वायरिंग, सायकल दुरुस्ती, शिवण. मालकाला जागा विकायची आहे. तीस एप्रिलपर्यंत दहा खुणा भरल्या तर जागा समितीला, नाहीतर फर्निचरच्या गोदामाला.

ते वर्कशॉप ती चालवते. एकटी.

घरी वहिनी दादाला म्हणाली, "भाऊजी आज दोनदा हसले. ताप आहे का बघा जरा."

शनिवार, ८ मार्च

पहिला रंग चढला. एकच्या खुणेपर्यंत.

काकांचा नियम आहे, चिठ्ठीशिवाय ब्रश नाही. दर शनिवारी सकाळी समितीचे अध्यक्ष सहीची चिठ्ठी पाठवतात, 'अमुक खुणेपर्यंत', तेवढाच लाल रंग. अध्यक्ष बँकेत मॅनेजर होते. अजूनही समोरच्याकडे असं बघतात की आपण कर्ज बुडवून आलोय.

मी काकांना विचारलं, "बोटभर वर गेला तर काय आकाश कोसळतं?"

"इंजिनीअर," (मला याच नावाने हाक मारतात, खवचट म्हातारा) "तेलाचा रंग आहे. चढतो. उतरत नाही."

ती आली होती. शिडी धरली. मला ते आवडतं हे तिला कळलं असणार, नाहीतर काका असताना तिने कशाला धरावी? काकांना मानेचा त्रास आहे, त्यांना वर बघता येत नाही, हे एक कारण असू शकतं. पण मुख्य कारण ते नाही.

सगळं गाव तिला ताई म्हणतं. वर्कशॉपची एकोणीस पोरं, समितीवाले, रस्त्यावरचा फुलवालासुद्धा. मी म्हणणार नाही. मग हाक काय मारायची? आज तीन वेळा 'अहो' आणि एकदा नुसतं खाकरलो.

रविवार, १६ मार्च

तिने मला छापखान्यात बोलावलं! मला एकट्याला. जागा लांबोडकी आहे, एका बाजूला शिवणयंत्रं, दुसऱ्या बाजूला सायकली उलट्या टांगलेल्या, जमिनीत जुन्या यंत्रांच्या बोल्टची भोकं. मध्ये तिचं टेबल. चहा दिला. म्हणाली, "तुझ्याबद्दल सांग."

तीन पानं लिहून घेतली तिने माझ्याबद्दल. जन्म, घरी कोण, कॉलेज का सोडलं, परत बसायची इच्छा आहे का, रागावर ताबा राहतो का. मी सगळं खरं सांगितलं. वहीचंसुद्धा. ती हसली नाही, उपदेशही केला नाही. म्हणाली, "त्यांनी तसं बोलायला नको होतं." मग माझा फोटो काढला. "असू दे माझ्याकडे," म्हणाली.

असू दे माझ्याकडे!

पानाच्या वर कोपऱ्यात तिने २० लिहिलं आणि त्याला गोल केला. वीस काय ते विचारायचं राहून गेलं. माझं वय एकवीस आहे, पण मुलींना वयाचा अंदाज येत नाही.

बुधवार, १९ मार्च

आता मी वर्गणीचा डबाही फिरवतो. तिने नुसतं "जमेल का रे?" विचारलं, मी म्हटलं जमेल. दादा म्हणाला, "घरातला बल्ब बदलायला सांगितला तर हात दुखतो. आणि तिकडे लष्कराच्या भाकऱ्या."

डबा घेऊन दारात उभं राहिलं की माणूस कळतो. औषधवाल्याने नाणं टाकलं आणि आवाज नीट आला नाही म्हणून डबा हलवून पाहिला. वकिलीणबाईंनी विचारलं, "ही मुलं चोऱ्या नाही ना करत?" मी म्हटलं, "करतील, पण तुमच्याकडे चोरण्यासारखं काही दिसत नाही." दार बंद. एका काकूंनी चार जुने चष्मे दिले. चष्म्यांचं काय करू? म्हणे, "गरिबांना कोणताही चालतो."

देताना लोकांना वाटतं, आपण जिन्यावर उभे आहोत आणि घेणारा तळघरात. मला तो चेहरा सहन होत नाही. मी निदान घेणाऱ्यांतला नाही, गोळा करणाऱ्यांतला आहे, म्हणून निभावतं.

शनिवार, २२ मार्च

तीनच्या किंचित वर. रंग वाळायच्या आत एक जण स्कूटरवर आला. चष्मेवाला, उंच, शर्ट पँटीत खोचलेला. तिला म्हणाला, "चल, उशीर होतोय." ती मागे बसली. बसताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण आपण भावाच्याही ठेवतोच की.

वहिनीला सांगितलं, तिचा भाऊ आहे एक, जरा आगाऊ वाटतो. वहिनीने भाजी चिरता चिरता माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुम्ही विचारलंत, भाऊ आहे का म्हणून?"

"विचारायचं काय त्यात?"

"काही नाही," वहिनी म्हणाली. "कांदा झोंबतोय."

शनिवार, २९ मार्च

चारच्या जरा पुढे. मध्ये डबे, लकी ड्रॉ, सायकल फेरी, सगळं करून एवढंच. दहापैकी चार, आणि महिना उरला आहे एक. पण सगळे म्हणतायत, वखारवाल्यांचं यायचंय. वखारवाले लाकडाचे मोठे व्यापारी, त्यांनी एकट्याने तीन खुणांएवढं देतो असं तोंडी सांगितलंय. औषधवाल्यांची संघटना एक खूण देणार. म्हणजे आठ तर धरूनच चाला. उरलेलं डबे आणतील.

काकांची मान आता खालीही जात नाही. म्हणाले, पुढच्या शनिवारपासून चिठ्ठी तू घे, रंग तूच चढव. पाकीट दिलं आठवड्याचं. मी आभार मानले तर तोंड वाकडं करून म्हणाले, "माझे कशाला? माझ्या खिशातून जात असतं तर तुला इतकं मिळालं असतं का?" मला वाटलं, समिती पाटीचे पैसे काकांना देते आणि काका मला. मोठेपणा घेत नाहीत, एवढं खरं.

शनिवार, ५ एप्रिल

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

चिठ्ठीत होतं: पाचपर्यंत. फक्त. ती शिडीपाशी उभी होती, डोळे सुजलेले. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "मालक काल गोदामवाल्यांना जागा दाखवून गेला. पोरांच्या समोर. मोजपट्टी लावून. शिवणातल्या त्या लहानगीने विचारलं, ताई, माझं मशीन कुठे ठेवणार हे लोक?" मग वर बघून म्हणाली, "ही पाटी एकदा नऊवर बघायला मिळाली ना, तर माणूस निदान झोपेल तरी."

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत बँकेच्या पायऱ्यांकडे गेली.

मी चढलो. पाचपर्यंत चढवला. ब्रशमध्ये रंग शिल्लक होता. मी विचार केला (हो, केला, डोक्यात राख घालून नाही केलं), लोक मेंढरं आहेत. गर्दी दिसली की गर्दीत घुसतात. अर्धी नळी बघून माणूस म्हणतो, हे काही व्हायचं नाही. नऊवर बघितली तर म्हणेल, चला, आपणही हात लावू. वखारवाले देणारच आहेत, औषधवाले देणारच आहेत. उद्या जे व्हायचंय ते आज रंगवलं तर बिघडलं काय? आणि ती झोपेल.

सहा. सात. आठ. नऊ.

उतरलो तोवर ती परत येत होती. रस्त्याच्या मध्यावरच थांबली. एका रिक्षावाल्याने हॉर्न मारला तरी हलली नाही. मग धावतच आली. "अरे! कुठून? कसं?"

"वखारवाल्यांचं आलं," मी म्हटलं. "चिठ्ठी बदलून आली."

तिने माझे दोन्ही हात धरले. रंगाचे हात. तिच्या तळव्यांना लाल लागला, तिला भान नव्हतं. म्हणाली, "तू पायगुणाचा आहेस रे."

असा क्षण मला आणखी एकदा मिळाला तर मी आणखी दहा खुणा रंगवीन.

रविवार, ६ एप्रिल

ती झोपली असेल.

मंगळवार, ८ एप्रिल

दुकानात आली. काका आत रंग ढवळत होते. म्हणाली, "शनिवारची चिठ्ठी आहे का तुझ्याकडे?"

मी म्हटलं, कुठेतरी पडली.

"दोन्ही?"

"हो."

म्हणाली, "वखारवाल्यांकडे गेले होते. आभार मानायला. फुलं घेऊन." मी म्हटलं, मग? "काही नाही," म्हणाली. "बरं." आणि गेली.

दुसरी कोणी असती तर उलटतपासणी केली असती. विश्वास म्हणतात तो हा.

काका आतून म्हणाले, "इंजिनीअर, लाल रंगाचा डबा अर्धा व्हायला हवा होता. तळ दिसतोय." मग म्हणाले, "मी विचारत नाही. माझी मान दुखते, मी वर बघत नाही."

शनिवार, १२ एप्रिल

चिठ्ठी आली नाही. रंग नाही.

डबे रिकामे आले. रिकामे म्हणजे तळाला चार नाणी. औषधवाल्याकडे गेलो तर हात जोडून म्हणाला, "अरे, झालंच की तुमचं! बघितली मी पाटी. अभिनंदन."

"नऊ झालेत. दहा व्हायचेत."

"ते होईल रे आपोआप. आमच्या संघटनेने ठरवलंय, यंदाचं आमचं वृद्धाश्रमाला. त्यांना जास्त गरज आहे. तुमचं काय, तुम्ही काठावर पोचलात."

मी म्हटलं, "पाटी म्हणजे काय देववाणी आहे? तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेलं तरी खरं असतं का?" त्याने मला दुकानाबाहेर काढलं. मी बाहेरून ओरडलो. दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती, एकीने पिशवी छातीशी धरली.

वखारवाल्यांनीही दवाखान्याला द्यायचं ठरवलंय म्हणे. नऊ बघून. असली माणसं! दुसरा बुडत असेपर्यंत यांना दया येते, आणि डोकं पाण्याबाहेर दिसलं की यांचा हात खिशातच राहतो. मी त्यांना मेंढरं म्हटलं होतं. मेंढरं निदान एकमेकांच्या मागे जातात.

सोमवार, १४ एप्रिल

सांगायचं ठरवलं होतं. अर्धं सांगितलं. तिला म्हटलं, समजा चुकून थोडा रंग जास्त लागला असेल, तर पांढरा मारून खाली आणता येईल, मी एका तासात करतो.

ती पोरांच्या हजेरीवर सह्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "विचारलं मी अध्यक्षांना. ते म्हणाले, रंग खाली आणला तर लोक म्हणतील समितीने खाल्ले. पाटी गेल्या बारा वर्षांत एकदाही उतरलेली नाही."

"मग आता?"

"आता काय. वर आहे तो वर राहील."

तेव्हाच मी 'मीच' म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं. पण ती शाईचं पेन झटकत होती आणि तिच्या नखाच्या कडेला अजून लाल होतं, नऊ दिवसांनी. मला वाटलं, राहू दे. ते लाल मला बघवेना आणि पुसायला सांगवेना.

बाहेर चष्मेवाला पोरांना प्लास्टरमधून वायर कशी ओढायची ते दाखवत होता. मला म्हणाला, "काय, कसं चाललंय?" मी त्याच्याकडे न बघता बाहेर पडलो.

शनिवार, १९ एप्रिल

चिठ्ठी नाही. काका म्हणाले, "बरं झालं, रंग वाचला." मला विनोद ऐकवत नाहीत हल्ली.

पाटीखालून जाणारे लोक वर बघतात आणि खूश होऊन पुढे जातात. एक बाप आपल्या पोरीला दाखवत होता, "बघ, आपल्या गावाने केलं." पोरीने टाळ्या वाजवल्या. मला त्या बापाची गचांडी धरावीशी वाटली. तू काय दिलंस, हे विचारावंसं वाटलं. मग आठवलं, मी काय दिलंय?

घरी दादा जेवताना म्हणाला, "अरे, तुमचं नऊवर पोचलं म्हणे. मी यंदा द्यायचं ठेवलंच होतं बाजूला, आता राहू दे, दुकानाचं शटर करून घेतो." मी ताट सरकवून उठलो. दादा मागून, "आता काय झालं याला?"

वहिनी म्हणाली, "काही नाही हो. कांदा झोंबला असेल."

गुरुवार, २४ एप्रिल

आज दुपारी छापखान्यात गेलो. सगळं सांगणार होतो, शपथ. टेबलावर ती नव्हती. फाईल उघडी होती, वर माझा फोटो. शिडीवरचा, दुसराच. कधी काढला कोण जाणे. खाली छापील:

'लाभार्थी क्र. २०. वय २१. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट. रागीट स्वभाव, परंतु प्रेमळ व होतकरू. साइनबोर्ड व्यवसायात प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवले असून विद्यावेतन संस्थेकडून. जबाबदारी दिल्यास सुधारण्याची शक्यता. पुढील वर्षी परीक्षेस बसवण्याचा प्रयत्न.'

मी तीन वेळा वाचलं. पाकीट. तीन पानं. वीस, गोल केलेला. मी ज्या पैशासाठी डबा हलवत दारोदार फिरलो, त्यातला वाटा मीच दर शनिवारी खिशात घालत होतो. तळघरात मीच होतो, आणि सगळ्या गावाला माहीत होतं. दादालाही. काकांनाही. औषधवाल्याने डबा हलवून पाहिला, तेव्हा तो काय बघत होता ते आता कळलं.

ती आली. मी ओरडलो. पोरं यंत्रांवरून उठून उभी राहिली. मी म्हटलं, "मी तुमची केस आहे होय? सुधारण्याची शक्यता? आणि शिडी धरायचं कशात येतं, विद्यावेतनात?"

ती म्हणाली, "हळू बोल."

"हात धरलेत तेही फाईलमध्ये लिहिलंत का? आणि तो चष्मेवाला, त्याचा नंबर काय? एकवीस?"

तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. "त्याच्याशी माझं लग्न आहे जूनमध्ये," ती म्हणाली. "तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे." मग पोरांकडे वळून, "बसा रे. काम करा." आणि मला, अगदी सावकाश: "तू वीस नंबर आहेस. या एकोणीस जणांना जूनपासून मी कुठे बसवू, ते सांग. मग माझ्यावर ओरड."

मी निघून आलो. काय सांगणार होतो तेही सांगितलं नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही. वहिनीने दाराबाहेर ताट ठेवलं आणि म्हणाली, "मला पहिल्यापासून माहीत होतं. पण तुम्ही इतके खूश होतात भाऊजी, कोणाच्या जिवावर आलं नसतं सांगायचं?"

सगळ्यांनी माझी कीवच केली. एकाने तरी थोबाडीत मारायची होती.

सोमवार, २८ एप्रिल

काकांना विचारलं, समितीला कळलंय का रंग कोणी चढवला? म्हणाले, "अध्यक्षांच्या चिठ्ठीची नक्कल त्यांच्याकडे असते. पाच लिहिलेलं, नऊ झालं. आणि शिडीवर चढता येतं असा मी कामाला ठेवलेला माणूस एकच." मग मला कोणी काही बोललं का नाही? काका ब्रश रॉकेलमध्ये बुडवत राहिले. "ते तिला विचार. ती गेली होती त्यांच्याकडे."

माझं ठरलंय. बुधवारी समितीची शेवटची बैठक आहे, छापखान्यातच, मालकही येणार. तिथे उभा राहून सांगणार. मला हाकला, पोलिसात द्या, पाटीखाली नाव लिहा. लाभार्थी म्हणून मला जगता येणार नाही. गुन्हेगार म्हणून येईल. गुन्हेगाराला निदान स्वतःचं नाव असतं.

बुधवार, ३० एप्रिल

चार वाजता गेलो. पायऱ्यांवर पोरं बसलेली, यंत्रं दोरीने बांधून भिंतीला लावलेली. आत लांब टेबलाभोवती सात जण. टोकाला अध्यक्ष, उजवीकडे मालक मनगटावरचं घड्याळ फिरवत, कोपऱ्यात ती, समोर वही. शिडीवरून दिसते त्यापेक्षा ती खूप लहान दिसली. खुणा साडेपाचावर थांबल्या होत्या, म्हणजे खऱ्या. मालकाने गोदामवाल्यांकडून इसार घेतला होता. सगळं संपलं होतं, फक्त लिहायचं राहिलं होतं.

मी म्हटलं, "मला बोलायचंय."

अध्यक्ष म्हणाले, "बस बाळ. मागे खुर्ची आहे. याला चहा द्या कोणीतरी."

"चहा नको. पाटी मी रंगवली. चिठ्ठीत पाच होतं. मी नऊ केलं. माझ्यामुळे वखारवाले गेले, माझ्यामुळे औषधवाले गेले. माझ्यामुळे जागा गेली."

कोणी दचकलं नाही. मालकाने फक्त मान वळवून पाहिलं, तोंड आता बंद कर अशा नजरेने.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "आम्हाला आठ तारखेपासून माहीत आहे. त्यावर चर्चा होऊन विषय संपलेला आहे." त्यांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि वाचून दाखवलं, बँकेत पासबुक वाचतात तसं: "'लाभार्थ्याच्या हातून अनवधानाने पाटीवरील खूण चुकली. देखरेखीतील त्रुटीची जबाबदारी वर्कशॉपच्या संचालिकांनी स्वीकारली असून त्यांनी राजीनामा दिला आहे. तो मंजूर.' झालं. तुझं नाव यात नाही. काळजी करू नकोस."

मी तिच्याकडे पाहिलं. ती वहीत बघत होती.

मी म्हटलं, "अनवधानाने नाही. मुद्दाम. शुद्धीत. ब्रश चार वेळा रंगात बुडवून. यांनी काही केलं नाही, यांना मी खोटं सांगितलं. ते लिहा. माझं नाव लिहा."

"तसं लिहिता येत नाही, बाळ." आवाजात राग नव्हता. त्यांनी माझ्यावर एकदा तरी ओरडावं म्हणून मी काय दिलं असतं! "हे इतिवृत्त देणगीदारांना वाचायला जातं. ज्यांच्यासाठी आपण मागतो त्यांनीच मुद्दाम बुडवलं, असं लिहिलं तर पुढच्या वर्षी दारात कोण उभं करेल आपल्याला? आणि ज्यांच्यासाठी गोळा करायचं त्यांच्यावरच रागवायचं म्हटलं, तर गोळा तरी कशाला करायचं?"

एक सभासद हसला, जरासा. समजूतदारपणे. दुसऱ्याने माझ्यासमोर चहाचा कप आणून ठेवला, बशीत दोन बिस्किटं. टेबलावर बाकी कोणाला बिस्किटं नव्हती.

मला कोणीतरी हाताला धरून बाहेर काढेल म्हणून मी तसाच उभा राहिलो. कोणी उठलं नाही. ते सगळे माझ्याकडे तसेच बघत होते, जसं त्या काकूंनी चार जुने चष्मे देताना माझ्याकडे पाहिलं होतं.

"ताई," मी म्हटलं. पहिल्यांदाच. तोंडून निघून गेलं.

तिने वर पाहिलं. थकलेली होती फक्त. माझ्यावर रागसुद्धा उरला नव्हता तिच्याकडे. म्हणाली, "जा तू आता. पोरं बाहेर आहेत, सगळं ऐकू जातंय त्यांना. दार लाव जाताना."

अध्यक्ष म्हणाले, "विषय क्रमांक चार. यंत्रं कुठे हलवायची."

मी कप तसाच ठेवला. बाहेर पायरीवर एकोणीस पोरं चेहरे वर करून बसली होती. मी त्यांच्यात आलो आणि मागचं दार लावून घेतलं.